वीज चढायची तेव्हा

दादाचे कान गेले ते बोटीवर, आमच्यापासून फार दूर. आम्हाला ते कळलं तो दारात येऊन उभा राहिला तेव्हा. आईने आतूनच विचारलं, कोण आसा म्हणून. उत्तर आलं नाही. हात पुसत ती बाहेर आली, त्याला पाहिलं आणि एका दमात चार प्रश्न विचारले. तो नुसता तिच्या ओठांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आये, माका आयकाक येणा नाय." कुठल्याशा परक्या बंदरात त्याला ताप भरला होता, तो डोक्यात गेला होता, आणि उतरताना दोन्ही कान घेऊन गेला होता. बोटीवर तो वायरलेसच्या खोलीत दुरुस्तीच्या कामाला होता. ऐकू न येणाऱ्या माणसाला त्या खोलीत कोण ठेवणार? एक ट्रंक, हत्यारांची पेटी, काट्याचं मीटर आणि त्याने स्वतः जुळवलेला लाकडी खोक्याचा रेडिओ, एवढं घेऊन तो मालवणला परत आला. त्याचं वय तेव्हा सव्वीस-सत्तावीस असेल. मॅट्रिकला मला अजून दोन वर्षं होती.

आमचं घर बंदराकडे उतरणाऱ्या आळीत होतं. बाबांचं बाजारात सुंभाचं आणि जाळ्यांच्या दोऱ्याचं दुकान होतं, त्यामुळे घरात कायम काथ्याचा वास असायचा. कपड्यांना, अंथरुणाला, कधी कधी पेजेलासुद्धा येतो असं मला वाटे. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या जवळ्याची चटणी, दुपारी बांगड्याचं तिखलं, रात्री उरलेलं तिखलं आटवून भाताबरोबर. आई बोलकी बाई, स्वयंपाक करता करता चुलीशीसुद्धा बोलायची. दादा आल्यावर ती दोन दिवस गप्प राहिली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलायला लागली. फरक एवढाच झाला, की त्याला काही सांगायचं असलं की ती हातातलं काम टाकून त्याच्या समोर जाऊन उभी राही. तो ओठ वाचायला शिकला तो तिच्याच तोंडाकडे बघून. म्हणून त्याला तिचं बोलणं सगळ्यात आधी कळायचं आणि बाबांचं सगळ्यात शेवटी, कारण बाबांना मिशा होत्या.

त्याच सुमारास गावात वीज आली होती. डिझेलच्या इंजिनावर चालणारं पॉवरहाऊस होतं. बाजारात, बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात आणि आमच्यासारख्या काही घरांत तारा पोचल्या होत्या. मुंबईहून, आखातातून, बोटींवरून येणारी माणसं आता विजेवर चालणारे रेडिओ आणू लागली. रेडिओ आले तसे ते बिघडूही लागले, आणि दुरुस्त करणारं माणूस तालुक्यात दादाशिवाय नव्हतं. पहिला रेडिओ आला तेव्हा त्याने तो उघडला, आत बघितलं, मीटर लावलं, सुटलेल्या तारेला कथलाचा डाग दिला आणि मग थांबला. रेडिओ लागला का नाही हे त्याला कसं कळणार? मी शेजारीच कंदिलाची काच पुसत होते. माझ्या तोंडाकडे बघून तो म्हणाला, "गातासा काय गो?"

तेव्हापासून मी त्याचे कान झाले. शाळा सुटली की मी त्याच्या टेबलाशी बसे. आवाज कसा आहे हे ओठांनी सांगायला वेळ लागायचा, म्हणून आम्ही तळहाताची खूण ठरवली. आवाज मोठा किंवा चढा झाला की माझा तळहात वर, बारीक झाला की खाली, खरखर असेल तर बोटं हलवायची. आणि तो स्वतः रेडिओच्या लाकडावर बोटांची टोकं टेकवून बसायचा. गाणं त्याला कळत नसे, पण गाण्याखाली जी यंत्राची बारीक घूंऽऽ चाललेली असते ती त्याला बोटांत लागायची. पुढे नोकरीत मी कितीतरी हुशार माणसं पाहिली, पण ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवून डोळे मिटणारा मी पाहिलेला एकमेव माणूस तो.

वर्षभर हे छान चाललं. मग रेडिओ जळू लागले. दुरुस्त करून दिलेला रेडिओ महिन्याभरात परत यायचा, आतला कंडेन्सर फुटलेला, कधी ट्रान्सफॉर्मरच काळा पडलेला. उघडला की जळक्या मेणासारखा वास यायचा. दादा पुन्हा नवा भाग घालायचा, डाग दोनदा तपासायचा. आणि काही रेडिओ मात्र वर्षभर काही न होता चालायचे. त्यामुळे लोकांना वाटू लागलं की याच्याच हाताला काहीतरी झालंय. बाजारात कुणीतरी बाबांच्या दुकानात उभं राहून सुंभ घेता घेता बोललं, की बहिरा माणूस रेडिओ काय दुरुस्त करतलो. बाबांनी ते घरी येऊन सांगितलं नाही, पण त्या दिवशी जेवताना त्यांनी दादाला विचारलं, दुकानात बसशील का म्हणून. त्यांना वाईट सुचवायचं नव्हतं. मुलगा लोकांच्या तोंडी जाऊ नये एवढंच त्यांच्या मनात होतं. दादाने त्यांच्या मिशांकडे पाहिलं आणि कळलं नसल्यासारखं दाखवलं. त्याला कळलं होतं, मी शेजारीच बसले होते.

त्यानंतर जनीकाकीचा रेडिओ जळला. जनीकाकी आमच्या आळीच्या टोकाला एकटी राहायची. नवरा वारलेला, एकुलता मुलगा बोटीवर. त्यानेच बसऱ्याहून तो रेडिओ आणून दिला होता. काकी सकाळी उठली की रेडिओ लावायची आणि झोपेपर्यंत बंद करायची नाही. बातम्या, शेतकऱ्यांचा कार्यक्रम, कानडी गाणी, काही असो. घरात माणसाचा आवाज हवा, एवढंच तिचं म्हणणं. दादाने तिचा रेडिओ नीट करून स्वतः पोचवला होता आणि आठवडाही झाला नव्हता. ती तो साडीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून, लेकरासारखा काखोटीला मारून घेऊन आली. टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "राग नाय हां माझो. पण घर खायाक उठता रे." दादाने ओठ वाचले. ती गेल्यावर त्याने हत्यारं एक एक पुसून पेटीत ठेवली, पेटी माळ्यावर टाकली आणि मागच्या दारी जाऊन बसला. दुसऱ्या दिवसापासून तो बाबांबरोबर दुकानात जाऊ लागला.

ते दिवस घराला जड गेले. आई चुलीशी बोलायची बंद झाली. दादा दुकानातून आला की हाताला काथ्याची कुसळं लागलेली असायची, ती काढत बसायचा. काकीचा मुका रेडिओ टेबलावर तसाच पडून होता. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन घरीच होते. बाबा माझ्यासाठी स्थळं बघत होते, आणि दुपारी काही करायला नसायचं. एकदा आई वामकुक्षीला पडली असताना मी दादाचा बोटीवरचा रेडिओ अगदी हळू लावला. कसलं तरी भाषण चाललं होतं. मला भाषण ऐकायचं नव्हतं. सवयीने मी त्याच्या खालची घूंऽऽ ऐकत होते. आणि ती घूंऽऽ एकाएकी वर चढली. बाजाच्या पेटीवर एक पट्टी सोडून पुढची पट्टी दाबावी तशी. रेडिओवरचा छोटा दिवा पांढरा झाला. मी घाबरून बटण बंद केलं. घरात शांत झालं आणि मग लक्षात आलं, बाहेरही शांत झालंय. बंदरावरून दिवसभर येणारी बर्फाच्या कारखान्याची धडधड थांबली होती.

मी कुणाला काही सांगितलं नाही. खात्री नव्हती. दुसऱ्या दुपारी पुन्हा बसले, बटणावर हात ठेवून. धडधड थांबली, पण घूंऽऽ थोडीशीच चढली आणि खाली आली. त्याच्या पुढच्या दिवशी होड्या भरून आल्या होत्या, सगळा बर्फ उचलला गेला होता, आणि कारखान्याच्या दोन्ही मोटरी एकदम बंद झाल्या असाव्यात. घूंऽऽ अशी चढली की मी बटणाऐवजी वायरच ओढून काढली. मग मी धावत बाबांच्या दुकानात गेले. दादा सुंभाची गुंडी वजनाला लावत होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले, ओठ नीट उघडून म्हटलं, "दादा, वीज चढता. मी आयकलंय." आणि तळहात हळूहळू डोक्याच्या वर नेला.

त्याने गुंडी खाली ठेवली. बाबा म्हणाले, काय झाला? दादाने त्यांना उत्तर न देता मला विचारलं, कधी. मी सांगितलं. तो माझ्याकडे बघत उभा राहिला आणि मला दिसत होतं, त्याच्या डोक्यात एक एक घर येऊन उभं राहतंय. दुपारी रेडिओ लावणारी घरं. ज्यांचे रेडिओ चालत होते ते सगळे सकाळ-संध्याकाळ ऐकणारे, दुपारी बाजारात किंवा समुद्रावर असणारे. ज्यांचे जळले त्यांच्याकडे कुणीतरी म्हातारं माणूस किंवा बाळंतीण दिवसभर घरात होती. दुपारी दिवे कोणी लावत नाही, म्हणून विजेचं हे चढणं कुणाच्या डोळ्यांना दिसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी दादाने माळ्यावरून पेटी काढली. पुढचे काही दिवस आम्ही दोघं दुपारी मीटर लावून बसलो. मी बंदराकडे कान लावायचे, धडधड थांबली की त्याच्या मनगटाला हात लावायचे, आणि मीटरचा काटा उजवीकडे धावायचा. एकदा तर काचेच्या कडेला जाऊन टेकला. बाबाही दुकान बंद करून ते बघायला आले. काट्याकडे बघून झालं की ते दादाकडे बघायचे. मग तेच दादाला पॉवरहाऊसवर घेऊन गेले. मी बरोबर होते, कारण तिथल्या माणसाचं बोलणं दादाला समजावून सांगायचं होतं. इंजिन बघणारा तो माणूस भला होता. त्याने सांगितलं, इंजिन दुसरीकडून आणलेलं, जुनं, त्याचा वेग आवरणारा भाग वर्षभरात ढिला झालेला. कारखान्याचा भार एकदम सुटला की जू काढलेल्या बैलासारखं ते धावतं, आणि त्याला आवरेपर्यंत वीज चढलेली असते. वर कळवलंय, भाग येईल तेव्हा येईल. कारखान्याच्या मालकाला सांगा, म्हणाला, मोटरी एक एक करून बंद करा. बाबांनी मालकालाही सांगितलं. मालकाने हो म्हटलं, पण गडीमाणसं घाईत असली की ते विसरायची.

दुपारी काटा पुन्हा तसाच धावू लागला. तो बघून दादा म्हणाला, "तेंका सांगान व्हायचा नाय. आपणच कायतरी करूक होया."

त्याच्या पेटीत बोटीवरून आणलेला एक जुना रिले होता. तारेचं वेटोळं, त्यात लोखंड. वीज पुरेशी झाली की ते पुढची पट्टी ओढून घेतं. दादाचा विचार सोपा होता. वीज नेहमीएवढी असेल तोवर पट्टी जागेवर राहील, वाजवीपेक्षा चढली की ओढली जाईल आणि रेडिओकडे जाणारी वाट तुटेल. रिले बसवलेली पहिली पेटी त्याने बनवली ती वेड्यासारखी वाजू लागली. वीज जराशी उतरली की पट्टी सुटायची, चढली की ओढली जायची, ठिणग्या उडायच्या. तडतड ऐकून आई पळी घेऊन बाहेर आली आणि मी इतकी हसले की दादाही काय झालं ते न कळता हसू लागला. मग त्याने दाराच्या कडीसारखा पितळेचा एक खटका केला. पट्टी एकदा ओढली गेली की खटक्यात अडकायची आणि हाताने सोडवेपर्यंत अडकूनच राहायची. पट्टीची स्प्रिंग किती ताठ ठेवायची हे ठरवण्यात दिवस गेले. फार ताठ, तर रेडिओ जळेल. फार सैल, तर दिवसभर खटके सोडवत बसावं लागेल.

पुढे माझं आयुष्य संगणकांचे पॉवर सप्लाय तपासण्यात गेलं. त्यांच्यातही याच कामाचा एक भाग असतो. आतलं व्होल्टेज चढलं की तो क्षणार्धात पुढे जाणाऱ्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून टाकतो. फ्यूज उडतो, सप्लाय मरतो, पण पुढचा संगणक वाचतो. आमच्या धंद्यात त्याला क्रोबार म्हणतात, म्हणजे पहार. कुणीतरी तारांवर पहार आडवी टाकावी तसं ते काम. तो भाग डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी काम करतो. दादाचा खटका त्यापुढे बैलगाडी. पण नव्या मुलांना शिकवताना मी नेहमी खटक्यापासून सुरुवात करायचे, कारण त्यात प्रश्न डोळ्यांना दिसतो: केव्हा तोडायचं आणि केव्हा चालू द्यायचं.

तयार झालेली पेटी खऱ्या रेडिओला लावून, खऱ्या चढत्या विजेत बघायची होती. त्याशिवाय ती कुणाच्या घरी देता येणार नव्हती. जनीकाकीचा रेडिओ तोवर दादाने पुन्हा नीट केला होता. काकीला हे कळलं तशी ती आली आणि म्हणाली, माझोच लावा, जळलो तर जळांदे, तसोय तो मुकोच होतो. दादाने नाही म्हणून मान हलवली. टेबलाखालून त्याने आपला बोटीवरचा रेडिओ उचलला आणि पेटीला जोडला. आईने माझ्याकडे पाहिलं. बोटीवरच्या दिवसांत स्वतःच्या हातांनी जुळवलेली तेवढीच वस्तू त्याच्याकडे उरली होती, आणि त्यातला एक व्हॉल्व्ह, काचेच्या नळीसारखा भाग, आता मुंबईतही मिळत नव्हता. मी म्हटलं, दादा, हो तुझो नको. तो म्हणाला, "माझोच जळलो तर माका कोणासमोर मान खाली घालूची पाळी येवची नाय."

दुपार झाली. बाबा दुकानातून आले, आई आणि जनीकाकी दारात बसल्या. मी रेडिओच्या एका बाजूला, दादा दुसऱ्या बाजूला, दहाही बोटं लाकडावर. कुणी बाई मुलांसाठी गोष्ट सांगत होती. बंदरावर धडधड चालली होती. मग ती थांबली. मी तळहात उचलला. घूंऽऽ चढू लागली, माझा हात चढू लागला, रेडिओवरचा दिवा पांढरा झाला, आणि खट्ट. गोष्ट सांगणारी बाई अर्ध्या शब्दावर गप्प झाली.

दादाची बोटं लाकडावर तशीच होती. घूंऽऽ थांबलेली त्याला कळली होती, पण का थांबली ते कळलं नव्हतं. खटक्याने वाट तोडली, की रेडिओच गेला? तो खाली वाकला आणि रेडिओच्या मागच्या जाळीला नाक लावून वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. मलाही ठाऊक नव्हतं. मी मीटरकडे बघत राहिले. काटा सावकाश मागे आला, जागेवर स्थिरावला. तेव्हा दादाने खटका बोटाने सोडवला. दिवा लागला. पण त्या रेडिओंचे व्हॉल्व्ह तापायला वेळ लागायचा, तापल्याशिवाय आवाज यायचा नाही. तेवढा वेळ आम्ही चौघं त्या दिव्याकडे बघत होतो. दादा दिव्याकडे बघत नव्हता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

आधी घूंऽऽ आली. मग बाई आली, गोष्ट खूप पुढे गेली होती. मला रडू येत होतं आणि मी हसत होते, आणि ते बघून त्याने बोटं लाकडावरून उचलून मांडीवर ठेवली. बाबा उठून त्याच्याजवळ गेले, त्याच्या पुढ्यात बसले आणि टेबलावर हात टेकवून सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा काढून म्हणाले, "दुकानात उद्या येव नको. हय बस."

दुसऱ्याच आठवड्यात बाबांनी मिशा काढल्या. कारण कुणाला सांगितलं नाही.

खटक्याच्या पेट्या पुढे बऱ्याच घरांत गेल्या. पहिली गेली जनीकाकीकडे. वेटोळी मी गुंडाळायचे. ते काम करता करता मला कळलं की मला हेच शिकायचं आहे. दादाने बाबांना आणि बाबांनी स्थळं बघणं थांबवून मुंबईच्या मावशीला विचारलं. तंत्रनिकेतनात मुली फारशा नव्हत्या, पण नाही म्हणायलाही कुणी तयार नव्हतं. माझं जायचं ठरलं तेव्हा घरात एकच गोष्ट कुणी बोलत नव्हतं: मी गेल्यावर दादाचं ऐकणार कोण? आईचे हात कामातून मोकळे नव्हते. दादा स्वतः म्हणायचा, जमवीन, मीटर आहे, बोटं आहेत. रेडिओ लागला एवढं बोटांनी कळतं. गाणं कसं लागलं ते कळत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. जायच्या आदल्या दिवशी मी पिशवी भरत होते आणि मन लागत नव्हतं. जनीकाकी निरोप द्यायला आली, खोबऱ्याच्या वड्या घेऊन. माझ्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं आणि म्हणाली, "मी बसतंय गो. माका घरात काय काम आसा? दिसभर आयकतच तर आसतंय."

पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा दुपार होती. पडवीत टेबलाशी दादा वाकलेला, आणि माझ्या जागेवर जनीकाकी, डोळे मिटून, तळहात हवेत. हात मी धरायचे त्यापेक्षा उंच धरला होता आणि बोटं भलतीच हलत होती. त्या दोघांनी खुणा बदलल्या होत्या. मला क्षणभर बरं वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. पावलं वाजली तशी काकीने डोळे न उघडता दुसरा हात माझ्याकडे करून मला थोपवलं. "कोण ता? गप ऱ्हवा वायच. माका आयकांदे."

मी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि तिचं ऐकून होईपर्यंत उंबऱ्यावर गप्प बसून राहिले.